शेवट आधी सांग

कुठलीही नवी मालिका लावली की पहिल्या पाच मिनिटांत आई विचारते, "शेवट काय आहे ते आधी सांग."

पात्रांची नावं तिला नको असतात, कोण कोणाचा भाऊ तेही नको असतं. मोड आलेल्या वालांचं पातेलं शेजारी, मांडीवर ताटली, बोटांच्या चिमटीत एकेक वाल दाबून डाळिंबी बाहेर काढायची आणि नजर टीव्हीवर. "होतं ना दोघांचं लग्न? नसेल होणार तर मी आपली आत जाऊन पडते." यावरून आमच्या घरात खूप वाद झालेत. शेवट कळल्यावर सोळा तास बघायचं ते काय, असं माझं म्हणणं. शेवट कळल्याशिवाय सोळा तास जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा, असं तिचं.

पुष्कळ दिवस मला तो तिचा हट्ट वाटत होता. मग एका श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावताना माझी आजी आठवली. आजी कहाणी वाचायची तेव्हा ऐकणाऱ्या सगळ्या बायकांना ती पाठ असायची. राजाची नावडती राणी गुरांच्या गोठ्यातून परत महालात येणार, हे ऐकायला बसण्याआधीच माहीत. तरीही ती गोठ्यात असायची तोवर माजघरात कुणी हलायचं नाही. आणि शेवटी आजी "ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणाली की सगळ्या एकदम हलक्या व्हायच्या. आईचं बघणं त्या माजघरातलं आहे. तिला शेवटाचं आश्वासन हवं असतं, म्हणजे मधल्या दुःखात ती मोकळेपणानं शिरू शकते.

बाबा २०१९ च्या दिवाळीनंतर गेले आणि आई नाशिकचं घर बंद करून माझ्याकडे पुण्याला आली. पुढच्याच वर्षी सगळं बंद झालं आणि त्या बंद घरात आम्ही दोघींनी कोरियन मालिका बघायला सुरुवात केली. हिंदी आवाज उपलब्ध असेल तर तिची ती बघते. नसेल तेव्हा मी खालच्या इंग्रजी ओळी वाचून तिला मराठीत सांगते. ती मध्येच थांबवते. "थांब, तो 'माफ कर' म्हणाला की 'चुकलं माझं' म्हणाला?" या दोन्हींत तिच्या लेखी खूप अंतर आहे, आणि मला पडद्यावरचा चेहरा बघून ठरवावं लागतं.

या मालिकांचा आणि शेवटाचा संबंध आपल्या रोजच्या मालिकांपेक्षा फार वेगळा आहे. आपल्याकडे मालिका चालते तोवर चालते. सहाशे भाग होतात, आठशे होतात. नायिकेचं लग्न मोडतं, जुळतं, पुन्हा मोडतं, आणि एका शनिवारी अचानक सगळे अंगणात उभे राहून फोटो काढतात. मालिका संपलेली असते. आई वर्षानुवर्षं हे बघत आली आहे आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नाही, तो तिच्या संध्याकाळचा सोबती होता. कोरियन प्रेममालिका बहुतेक सोळा भागांची, फार तर वीस. आठवड्याला दोन भाग, म्हणजे दोन-अडीच महिन्यांत खेळ आटोपला. लेखिकेला (या मालिका लिहिणाऱ्या पुष्कळशा बायकाच आहेत) पहिल्या भागापासून माहीत असतं की सोळाव्याला दार लावून घ्यायचं आहे. म्हणून तिथे लोक शेवटावर भांडतात. आणि भांडतात तेही जीव तोडून.

माझं स्वतःचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन'शी. ३ एप्रिल २०२२ ला तिचा सोळावा भाग आला. आम्हा पाच मैत्रिणींचा एक ग्रुप आहे, सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. त्या रात्री एकीनं नुसतं "का?" एवढंच लिहिलं. दुसरी म्हणाली, मी उद्या सुट्टी टाकतेय. तिसरीनं तर मोबाइलवरून ते ॲपच काढून टाकलं. कोरियातले प्रेक्षकही कमी चिडले नव्हते.

गोष्ट १९९८ ची. त्याच्या आदल्या वर्षाअखेरीस दक्षिण कोरियाची तिजोरी रिकामी होऊन देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला होता. कंपन्या धडाधड बुडाल्या, घरं लिलावात गेली. लोकांनी देशाचं कर्ज फेडायला लग्नातल्या अंगठ्या आणि पोरांच्या वाढदिवसाची सोन्याची वळी रांगा लावून दिली. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून दोनशे टनांहून जास्त सोनं जमवलं. अशा दिवसांत ना ही-दो ही शाळकरी मुलगी तलवारबाजी शिकते आहे, आणि पैसे नाहीत म्हणून तिच्या शाळेतला तो संघच बंद होतो. तिच्याहून चार वर्षांनी मोठा बेक ई-जिन हा बुडालेल्या कारखानदाराचा मुलगा. बापाचे देणेकरी त्याला गाठतात तेव्हा तो त्यांना शब्द देतो की मी आयुष्यात कधीही आनंदी राहणार नाही. हे ऐकून ती पोरगी त्याला म्हणते, मग आपण दोघं असू तेवढ्या वेळापुरते कोणाला न सांगता आनंदी राहू या.

हा प्रसंग मी आईला सांगताना माझाच आवाज अडकला होता. अठरा वर्षांची मुलगी कर्जबाजारी मुलाला याहून मोठं काय देणार?

पुढे ती विजेती होते, तो टीव्हीवर बातमीदार होतो. २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे कोसळतात आणि त्याला तिकडे पाठवतात. रोज मढी, रोज रडणारी माणसं. तो तिच्याशी आनंद वाटून घेणारा माणूस, दुःख एकट्यानं गिळणारा. फोन लांबत जातात. ठरलेली सहल रद्द होते. ती त्याच्या न येण्याला सरावत जाते, आणि आपण सरावलो आहोत हे लक्षात येतं त्या दिवशी ती संबंध तोडते. पुढे कधीतरी वृत्तनिवेदक झालेला तो बातम्यांमध्ये तिची मुलाखत घेतो आणि सगळ्या देशासमोर तिच्या लग्नाबद्दल तिचं अभिनंदन करतो. नवरा दुसराच कोणीतरी.

आता यात लपवाछपवी कुठेच नव्हती. गोष्ट सुरू होते तीच मुळी आजच्या काळात, ही-दोच्या मुलीच्या हाती आईची जुनी डायरी लागते तिथून. त्या मुलीचं आडनाव किम. कोरियात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत, पण मुलांना सर्वसाधारणपणे बापाचंच लागतं. म्हणजे बाप बेक असणं अवघडच होतं. प्रेक्षकांनी तेही पाहिलं होतं आणि तरीही दोन महिने पळवाटा शोधल्या. आडनाव बदललं असेल, दत्तक घेतली असेल, डायरीत काही निराळं निघेल. मीही शोधत होते. समोर लिहिलेला शेवट आम्ही कोणी वाचायला तयार नव्हतो.

शेवटाबद्दलचा हा आग्रह तिथे जुना आहे आणि पूर्वी त्याला खरोखरच वजन होतं. बरीच वर्षं कोरियन मालिका प्रसारण चालू असतानाच चित्रित व्हायच्या. शनिवारी दाखवायचा भाग त्याच आठवड्यात शूट होतोय, लेखिकेकडून संवादांचे सुटे कागद तुकड्या-तुकड्यांनी येताहेत, नट ते कोपऱ्यात उभं राहून पाठ करताहेत. सुट्या कागदांच्या या संहितेला कोरियनमध्ये एक खास शब्दच आहे, 'च्योकदेबोन'. याचे हाल नटांनी आणि कामगारांनी सोसले. पण त्यामुळे बघणाऱ्याचं म्हणणं लिहिणारीपर्यंत पोचायला वाव होता. लोकांना दुसरा नायक आवडू लागला की त्याचे प्रसंग वाढायचे. २००४ मध्ये 'लव्हर्स इन पॅरिस' या मालिकेनं कोरियातली अर्ध्याहून अधिक टीव्ही बघणारी घरं बांधून ठेवली होती. तिच्या शेवटी असं निघतं की जे पाहिलं ते नायिका लिहीत असलेली एक पटकथा होती. लोक भयंकर संतापले. मला तो संताप पूर्ण पटतो. वीस भाग ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला ती माणसं नव्हतीच, असं कुणी सांगितलं तर ती फसवणूकच झाली. मालिका जोरात सुरू होऊन शेवटी ढेपाळली की कोरियन लोक 'योंगदुसामी' म्हणतात, डोकं ड्रॅगनचं आणि शेपूट सापाची.

आता मोठ्या मालिका पुष्कळदा आधीच पूर्ण करून ठेवलेल्या असतात. २०१६ च्या 'डिसेंडंट्स ऑफ द सन'पासून ही पद्धत रुळत गेली. बघणारा ओरडतो तेव्हा सोळावा भाग कधीच डब्यात बंद झालेला असतो. लेखिकेच्या दृष्टीनं हे चांगलंच, पण ओरडणं काही कमी झालेलं नाही.

'क्रॅश लँडिंग ऑन यू'च्या शेवटावरून आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडले होते. दक्षिणेतली श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून सीमेपलीकडे उत्तर कोरियात पडते आणि तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवतो, हे आता सगळ्यांना माहीत आहे. शेवटी तो त्याच्या देशात, ती तिच्या. वर्षातले दोन आठवडे दोघं स्वित्झर्लंडमध्ये भेटतात. मैत्रिणींतली एक म्हणाली, हा काय शेवट आहे का, पन्नास आठवडे काय करायचं त्यांनी? मलाही तेव्हा ते अर्धवटच वाटलं होतं.

नंतर मी दुभंगलेल्या कोरियन कुटुंबांविषयी वाचलं. १९५० ते ५३ च्या युद्धात नवरे-बायका, आया-पोरं सीमेच्या दोन बाजूंना अडकली ती अडकलीच. पत्र नाही, फोन नाही. दोन्ही सरकारांनी २००० सालापासून अधूनमधून त्यांच्या भेटी घडवून आणल्या. दक्षिणेत सव्वा लाखाहून जास्त लोकांनी आपल्या माणसाला भेटण्यासाठी नाव नोंदवलं होतं. त्यांतल्या थोड्यांची चिठ्ठी निघायची. तीन दिवस, आणि त्यात समोरासमोर बसायला मिळणारे जेमतेम दहा-बारा तास. नव्वदीची आई आणि सत्तरीचा मुलगा. मग बस सुटायची आणि खिडकीच्या काचेवर आतून एक हात, बाहेरून एक हात. पुन्हा भेट नाही. अशी शेवटची भेट ऑगस्ट २०१८ मध्ये कुमगांग डोंगरापाशी झाली, त्यानंतर तेही थांबलं.

हे वाचल्यावर दर वर्षीचे दोन आठवडे मला निराळे दिसायला लागले. त्या लेखिकेनं आपल्या देशाला जे सत्तर वर्षांत जमलं नाही ते त्या दोघांना दिलं होतं. आम्ही इथे पुण्यात सोफ्यावर बसून पन्नास आठवड्यांचा हिशेब करत होतो. (ज्या तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर तो पियानो वाजवतो तो स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड या इवल्याशा गावात आहे. तिथे इतके लोक जाऊ लागले की गावानं धक्क्यावर पाऊल ठेवायला पाच फ्रँक घ्यायला सुरुवात केली.)

'रिप्लाय १९८८'बद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण त्या मालिकेत प्रेम हा एक कोपरा आहे आणि खरी गोष्ट गल्लीची आहे, सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातल्या पाच घरांची. संध्याकाळी पोरांच्या हाती या घरातली वाटी त्या घरात जाते, तिकडून दुसरी भरून येते. आई ते बघून म्हणाली होती, आपली नाशिकची आळी आहे ही. पण कोरियात मात्र सगळा देश एकाच प्रश्नाला चिकटून बसला होता. दॉक-सनचा नवरा कोण झाला? घुम्या, आतून जळणारा जुंग-ह्वान की बुद्धिबळासारखा 'गो' नावाचा पट खेळणारा, बाकी व्यवहारात लहान मूल असलेला थेक? दोन्ही पक्षांची नावंसुद्धा पडली होती, 'ओनामर्यू' आणि 'ओनामथेक', म्हणजे काहीही झालं तरी नवरा तोच. जानेवारी २०१६ मध्ये थेक जिंकला आणि अर्धे लोक शोकात बुडाले.

मी जुंग-ह्वानच्या बाजूची. तो गाडी घेऊन तिच्याकडे निघतो, वाटेत सिग्नल लागत जातात, आणि पोचतो तेव्हा महत्त्वाचा सामना सोडून आलेला थेक तिथे आधीच उभा असतो. जुंग-ह्वान दोष सिग्नलला देत नाही, स्वतःच्या घुटमळण्याला देतो. मला तो फार आवडतो, अजूनही. आईनं मात्र तिसऱ्या-चौथ्या भागातच निकाल दिला होता. "त्या पटावरच्या पोराला आई नाही. ती त्याला द्या." तिच्यापुरता प्रश्न मिटला. आणि खरं सांगायचं तर लेखिकेचंही मन बहुधा तिथेच होतं, कारण त्या गल्लीतली प्रत्येक बाई पहिल्या भागापासून त्या पोराच्या ताटात काहीतरी वाढतच असते.

मग २०२५ च्या मार्चमध्ये 'व्हेन लाइफ गिव्हज यू टँजरिन्स' आली. जेजू बेटावरची ए-सुन, समुद्रात बुड्या मारून शिंपले-कालवं काढणाऱ्या बाईची मुलगी, कविता लिहायची इच्छा असलेली. आणि तिच्यावर लहानपणापासून जीव टाकणारा, पण मनातलं बोलता न येणारा ग्वान-शिक. तिला किनाऱ्यावर बघून तो जहाजातून समुद्रात उडी मारून पोहत परत येतो. त्याच्या घरी पुरुषांचं जेवणाचं टेबल वेगळं आणि बायकांचं वेगळं. लग्नानंतर एकदा जेवताना तो नुसता वळतो. बापाकडे पाठ करून, बायकोकडे तोंड करून जेवायला लागतो. एक शब्दही बोलत नाही.

इथे आईच्या हातातला वाल तसाच राहिला. "पुन्हा दाखव," म्हणाली.

या मालिकेचं कोरियन नाव 'फोकसाक सोगात्सुदा' जेजूच्या बोलीतलं आहे. प्रमाण कोरियन बोलणाऱ्याच्या कानाला ते 'पार फसलात तुम्ही' असं काहीतरी ऐकू येतं. जेजूच्या माणसासाठी त्याचा अर्थ, 'फार कष्ट उपसलेत.' हे मराठीत कसं सांगायचं यावर मी बराच वेळ अडले. आईनं विचारलं कोण कोणाला म्हणतंय. मी म्हटलं, सगळंच आयुष्य त्या दोघांना म्हणतंय असं धर. ती म्हणाली, "मग 'दमलास रे बाबा' म्हण."

या वेळी तिनं शेवट विचारला तेव्हा मी जरा घाबरले होते. बाबांना जाऊन पाच वर्षं होऊन गेली होती. तरीही खरं तेच सांगितलं. म्हातारपणी तो आजारी पडतो आणि जातो, ती मागे राहते, तिच्या कवितांचं पुस्तक निघतं. मला वाटलं आत जाऊन पडेल. ती म्हणाली, "लाव." चारही आठवडे ती एकही भाग न चुकवता बसली. रडली पुष्कळ, पण तक्रार केली नाही. आमच्या ग्रुपमधल्या पाचही जणी रडल्या, कोणीही ॲप काढलं नाही, कोणीही "का?" विचारलं नाही. जगभर त्या शेवटाला लोकांनी डोक्यावर घेतलं.

तेव्हापासून मला हा विचार सोडत नाही. ग्वान-शिकचं मरण आम्हाला चाललं. देशाची सरहद्द चालली, दोन आठवड्यांवर आम्ही कुरकुरलो तेवढंच. चाललं नाही ते ही-दो आणि ई-जिनचं वेगळं होणं. दोघं धडधाकट. दोघांचंही एकमेकांवर प्रेम. सासू आड आली नाही, जात-पैसा आड आला नाही, कुणी खोटं बोललं नाही. काम होतं, अंतर होतं, थकवा होता. मरणाला दोष देता येतो, युद्धाला देता येतो. इथे बोट दाखवायला समोर माणूसच नाही. नुसतं प्रेम पुरलं नाही, एवढंच उरतं, आणि ते कबूल करायला फार जड जातं. तो शेवट वाईट लिहिलेला होता असं म्हणणं त्यापेक्षा सोपं होतं. मी वर्षभर तेच म्हणत राहिले.

माझंही असंच झालं होतं.

१९९९ साली मी नाशिकला एम.ए. करत होते. तो इंजिनिअर होऊन बंगळुरूला नोकरीला लागला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक एस.टी.डी. बूथ होता, काचेचं दार आणि आत लाल आकड्यांचं मशीन. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणं झाली की मी 'शतपावली करून येते' म्हणून निघायचे. आत उकाडा असायचा. पलीकडून त्याचा आवाज आणि डोळ्यांसमोर वाढत जाणारे आकडे. पन्नास रुपये झाले की ठेवायचं असं ठरलेलं. बावन्न व्हायचे, अठ्ठावन्न व्हायचे. सुट्टे नसले तर बूथवाले काका वहीत मांडून ठेवत.

आधी एक दिवसाआड. मग शनिवारी. मग त्याचं काम, माझा प्रबंध. आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. एकदा त्याचा फोन उचलला गेला नाही. पुढच्या शनिवारी पाऊस फार होता म्हणून मी गेले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी पाऊस नव्हता, तरी गेले नाही. शेवटचं आम्ही काय बोललो ते मला आज आठवत नाही. तारीखही आठवत नाही. तो शेवटचा फोन आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं, त्यामुळे तो फोन इतर फोनांसारखाच संपला असणार. ठेवतो, आकडा फार झाला.

माझं पुढे चांगलं झालं. नवरा भला आहे, मुलगी आहे, मी त्या माणसाच्या आठवणीत झुरत वगैरे बसलेली नाही. पण शेवट न झाल्याचं एक कुसळ असतं. ते दुखत नाही, हाताला लागतं.

गेल्या पावसाळ्यात मी आईला 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' दाखवायला घेतली. शेवट सांगितला. "होत नाही लग्न. दोघं जिवंत असतात, पण तिचा संसार दुसरीकडे होतो." आई म्हणाली, "असू दे. होतं तसं."

पंधराव्या-सोळाव्या भागापर्यंत आम्ही पोचलो त्या संध्याकाळी वाल नव्हते, ती मेथी निवडत होती. बोगद्यातलं ते कडवट भांडण झालं. मग तो न्यूयॉर्कला निघतो आणि ती बसस्टॉपवर धावत येते. आधी जे लागेल असं बोलून बसलेत ते दोघांनाही तसंच सोडून जायचं नाहीये. तो खाली वाकतो आणि तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधतो. मग दोघं एकमेकांना मिठी मारतात, आणि बस येते. तीन वर्षांपूर्वी याच प्रसंगावर मी उशी फेकली होती. या वेळी बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की लेखिकेनं त्यांना निरोप दिला आहे. भांडणावर तोडून ती मोकळी होऊ शकली असती. तिनं त्यांना पुन्हा बसस्टॉपपर्यंत आणलं, समोरासमोर उभं केलं, नाडी बांधायला वेळ दिला. हरवलेली दुसरी एक डायरी इतक्या वर्षांनी चाळिशीतल्या ही-दोच्या हाती परत येते आणि ती त्या बोगद्यापाशी जाते, तेही त्यासाठीच. राहून गेलेलं बोलून घ्यायला. ज्या शेवटाला मी क्रूर म्हणत होते त्यात ही एवढी माया होती.

मी इंग्रजी ओळी वाचून सांगायची थांबले होते. आईनंही काय म्हणतायत ते विचारलं नाही. मेथीची एक काडी खुडून बाजूला टाकत ती म्हणाली,

"त्या बूथवाल्याचे तुझे तीनशे चाळीस रुपये राहिले होते. मी देऊन आले होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं.

"तुला माहीत होतं?"

"शतपावलीला कोणी इतकं लांब जातं?"

"मग विचारलं का नाहीस कधी?"

"काय विचारणार? तुझं तुलाच कळलेलं नव्हतं काय होणार ते."

टीव्हीवर बस निघून गेली होती. बाहेर पाऊस लागला होता, आणि तिनं निवडलेली पानं एका बाजूला, काड्या एका बाजूला केल्या. मग चष्मा पदरानं पुसून पुन्हा लावला.

"मागे घे जरा," म्हणाली. "नाडी बांधतो ते मला नीट दिसलं नाही."